पुढं जायला एकच गिअर

मला यंत्रातलं काही कळत नाही, हे माझ्याशिवाय घरात सगळ्यांना फार आधी कळलं होतं. मला ते कळायला एक विलायती जीप विकत घ्यावी लागली.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईपासून दहा-अकरा किलोमीटरवर. मोसंबीची बाग होती, शिवाय मी कंपन्यांसाठी शेतात बियाण्याचे प्लॉट घ्यायचो, त्यामुळे जालन्याच्या एमआयडीसीत सारखं जाणं-येणं असायचं. तिथेच एका बियाणं कारखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, ती मला दिसली. उंच, चौकोनी, एके काळी पांढरी असावी. आत खऱ्या कातड्याच्या सीटा, समोर गुळगुळीत लाकूड, आणि बटन दाबलं की काचा खाली जातात म्हणे. म्हणे, कारण बटन दाबून काही होत नव्हतं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिने माझ्याकडे मालकिणीसारखं पाहिलं.

कारखान्याच्या शेटजींनी ती कुठल्याशा लिलावातून हौसेने आणली होती. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. शेटजी म्हणाले, ही पेट्रोल पीत नाही, पेट्रोलने आंघोळ करते. शेवटी इंजिन जाम झालं, आणि त्यांना मनातून बरंच वाटलं. मी त्याच दिवशी भंगाराच्या भावात ती घेतली. घरी जाऊन सांगितलं, काही विशेष नाही, फक्त इंजिन तर बदलायचंय. डिझेलचं टाकलं की झालं.

हे ‘फक्त’ माझ्या बायकोने तेव्हापासून जपून ठेवलंय. पावसाळ्यात घर गळायला लागलं की ती म्हणते, काही नाही, फक्त पत्रे तर बदलायचेत.

गाडी घरी आली ती ट्रॅक्टरच्या मागे, दोराने बांधून. स्टिअरिंगवर मी. राजेशाही सीटवर बसून पन्नासेक किलोमीटर ट्रॅक्टरची धूळ खाल्ली. गावात शिरलो तर पारावर आमचे चुलते बसलेले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ट्रॅक्टर तर जुनाच हाय, पर नांगर लई मोठा घेतला गड्यानं.”

पार हसला. त्याआधी माझे ससे पाळून झाले होते, रेशमाचे किडे पाळून झाले होते, त्यामुळे लोकांना हसायची सवय होती. मलाही हसवून घ्यायची सवय होती. पण माझी माय दारात उभी होती आणि तिने ते ऐकलं.

मायचं आणि चहाचं नातं इथे सांगायला हवं. ती दिवसाला सहा चहा घ्यायची, स्टीलचा ग्लास भरून. पहाटेचा, न्याहारीचा, वेणी घातल्यावरचा, असे प्रत्येकाला नाव होतं. चहा नसला की तिचं कपाळ ठणकायचं, आणि तिचं कपाळ ठणकलं की आमचं सगळ्यांचं ठणकायचं. ती माय पायरीवरून खाली आली, जीपच्या बोनेटवर हात ठेवला आणि पाराकडे तोंड करून म्हणाली, “ही गाडी आपल्या चाकानं रेणुकाईच्या पायरीला लागूस्तोर मी चहाला शिवणार न्हाई. ऐकलं का भाऊजी?”

भाऊजींनी ऐकलं. साऱ्या गावाने ऐकलं. वडिलांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला. त्या एका नजरेत ससे होते, रेशीम होतं, सगळं होतं.

मला वाटलं होतं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

आमच्या फाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. माझ्याच वयाचा. त्याची एकच अडचण होती, त्याला नाही म्हणता येत नसे. काहीही विचारा, “होतंय की भाऊ” हे ठरलेलं उत्तर. त्याने जुनं इंजिन उतरवलं, बोनेटखालच्या रिकाम्या खड्ड्यात उतरून उभा राहिला आणि सुतळी मागितली. सुतळीला त्याने तीन गाठी मारल्या. पहिली लांबीची, दुसरी रुंदीची, तिसरी उंचीची. ती माझ्या खिशात घालून म्हणाला, या मापात बसंल असं डिझेल इंजिन आणा, पुढचं माझ्याकडं.

मग मी सुतळी घेऊन फिरायला लागलो. जालन्यातली भंगाराची दुकानं झाली, भोकरदनची गॅरेजं झाली. मी गेलो की दुकानदार ओरडायचे, आले बघा मयताचं माप घेणारे. आष्टीला नात्यातलं लग्न होतं, तिथे वऱ्हाड घेऊन आलेल्या टेम्पोचं बोनेट उघडून मी इंजिनला सुतळी लावली. अक्षता पडल्या तेव्हा मी तिसऱ्या गाठीवर होतो. बायको आठ दिवस बोलली नाही. एकदा तर तिने त्याच सुतळीने लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधलं, आणि मिस्त्रीला परत खड्ड्यात उतरावं लागलं.

इंजिनं मिळत नव्हती असं नाही. एक ट्रॅक्टरचं मिळालं, ते इतकं उंच की बोनेट लागेना. मिस्त्री म्हणाला, बोनेटला भोक पाडू, होतंय की. मग एका जुन्या टेम्पोचं आणलं. ते बसलं, सुरूही झालं, पण गाडी जागची हलेना. हत्तीला शेळी जुंपल्यासारखं. ते परत केलं. चैत्रात घेतलेली गाडी, आषाढ आला तरी कोंबड्यांचीच होती. आमच्या कोंबड्यांनीही ती जागा पसंत केली होती.

इकडे घरात चहाबंदी. म्हणजे मायनं कुणाला घेऊ नका म्हटलं नव्हतं. पण तिच्यासमोर घोट घशाखाली उतरत नसे. बायको शेजारणीकडे जाऊन प्यायची. वडिलांनी गोठ्यात स्टोव्ह नेऊन ठेवला, आणि गाईंची त्यांना एकदम काळजी वाटायला लागली. मी जालन्यात दोन-तीन कप उरकून यायचो आणि तोंडात बडीशेप टाकायचो. मायला सगळं वासावरून कळायचं. बायकोने एकदा गवती चहाचा काढा करून दिला, यात चहापत्ती नाही म्हणून. मायनं ग्लास बाजूला सारला. देवीला काय आपण भोळी समजतो का, म्हणाली.

पाहुणे आले की मात्र चहा तीच करायची. कपबशी पाहुण्याच्या हातात देताना ती तिच्या हातून जरा उशिरा सुटायची. एवढंच. पण मला ते दिसायचं, आणि त्या दिवशी मी सुतळी घेऊन पुन्हा निघायचो. सगळ्या पंचक्रोशीत माझ्यावर पैज लावणारं एकच माणूस होतं, आणि त्याने पैजेला आपला चहा लावला होता.

श्रावणात मला चाचा भेटले. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांना भंगार लागतं, ते देशभरातून येतं. चाचांचा धंदा त्यातलाच, पण त्यांच्या अंगात एक खोड होती. वितळवायला आलेल्या ढिगातून चालू स्थितीतली यंत्रं ते बाजूला काढून ठेवायचे. म्हणायचे, जान असलेली चीज भट्टीत घालणं गुनाह आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर तोडलेल्या एका जहाजाच्या भंगारात त्यांना एक डिझेल इंजिन मिळालं होतं. जहाजाचं नव्हे, जहाजावर ठेवलेल्या मोटरबोटीचं. चार सिलिंडर, ठेंगणं, भरीव, निळ्या रंगाचं.

मी सुतळी काढली. पहिली गाठ, दुसरी गाठ, तिसरी गाठ. तिन्ही बराबर.

“चालू करके दिखाऊँ, पाटील?” चाचा म्हणाले. “सुनो बस.”

त्यांनी बॅटरी लावली, आणि ते सुरू झालं. काय आवाज होता. धडधड नाही, खडखड नाही, एकसारखी दमदार घुमणारी लय. मी भजनाला बसल्यासारखे डोळे मिटले. मिस्त्री माझ्यासोबत आला होता, त्यानेही मिटले. आजही सांगतो, त्या वेळी दोघांपैकी एकाने जरी डोळे उघडे ठेवले असते तरी उपयोग नव्हता, कारण फिरणारं असं काही बाहेरून दिसतच नव्हतं. बोटीच्या इंजिनाला पंखा नसतो. ते समुद्राच्या पाण्यावर थंड राहतं. मिस्त्रीला त्याचंच कौतुक वाटलं. म्हणाला, पंखा न्हाई म्हणून तर मापात बसून राह्यलं भाऊ.

मग महिनाभर काम चाललं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळावेत म्हणून मध्ये बसवायची एक जाड लोखंडी चकती जालन्यात लेथवर कातून घेतली. ट्रॅक्टरचा रेडिएटर बसवला. आता समुद्र काही भोकरदन तालुक्यात आणता येत नव्हता, म्हणून पंखाही बसवला. सुरू करून पाहिलं तर पंखा वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकायला लागला. समोर उभ्या माझ्या डोक्यावरची टोपी उडाली. मिस्त्रीने डोकं खाजवलं, पंखा चुकीचा आला असणार म्हणाला, आणि जालन्याहून उलट्या पात्यांचा दुसरा घेऊन आला. मग वारा बराबर आत यायला लागला. आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

नवरात्राच्या आठ दिवस आधी गाडी तयार झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. अंगणात गाव जमलं. चुलते खुर्ची घेऊन आले होते, पहिल्या रांगेत. माय हिरवं लुगडं नेसून आरतीचं ताट घेऊन गाडीच्या पुढे उभी राहिली. तिने बायकोला चुलीवर आधण ठेवून यायला सांगितलं होतं, पण पत्ती टाकू नको म्हणाली होती. आधी देवी.

नारळ फुटला. मी सीटवर बसलो, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

आरती घेऊन उभ्या असलेल्या मायपासून ती अशी मागं सरकली, जसं पोर आंघोळीला नको म्हणतं. मी घाबरून ब्रेक लावेपर्यंत ती कडब्याच्या गंजीत अर्धी शिरली होती. मिस्त्री पळत आला. म्हणाला, भाऊ, रिव्हर्स पडला. मी म्हणालो, पहिलाच टाकलाय. त्याने मला उठवलं, स्वतः बसला, दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागं गेली आणि पूर्ण गंजीत शिरली. आतून फक्त इंजिनाचा तो सुंदर आवाज येत होता.

मग आत काय झालं माहीत नाही, पण थोड्या वेळाने गंजीतून गाडी हळूहळू पुढे आली. काचेवर कडबा, आत मिस्त्री, चेहरा उतरलेला. गाडी बंद करून तो खाली उतरला आणि जात्याच्या दगडावर बसला.

“पंख्यानं सांगितलं होतं भाऊ,” तो म्हणाला. “आपणच त्याचं ऐकलं न्हाई.”

इंजिन उलटं फिरत होतं. घड्याळाच्या काट्यांच्या उलट. त्यामुळे गिअरबॉक्समध्ये सगळं उलटं झालं होतं. पुढचे चारही गिअर मागं नेत होते, आणि मागचा जो एक, तो पुढं. चार गिअर मागं जायला, एक पुढं जायला. चुलते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, असं वाहन मी आयुष्यात पाहिलं न्हाई. आणि तेव्हा वडील हसले. तीस वर्षांत मी वडिलांना असं हसताना पाहिलं नव्हतं, पेपर गुडघ्यावर आपटून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ससे मेले तेव्हा ते हसले नव्हते. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

माय हसली नाही. तिने ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन आधणाखालचा जाळ ओढला.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या मोटरबोटीला दोन इंजिनं होती, जुळी. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर बोट तिरकी जाते, म्हणून एक उजवं फिरणारं, एक डावं. हे विकताना त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. “दोनों भाई थे, पाटील,” ते म्हणाले. “सीधा वाला पहले बिक गया. उलटा आपके नसीब में आया.”

सरळ फिरणारा भाऊ कुठे गेला होता? आष्टीला, एका पिठाच्या गिरणीत. ज्या आष्टीत मी अक्षतांच्या वेळी टेम्पोला सुतळी लावत होतो, तिथून दोन गल्ल्यांवर.

गिरणीवाला भला माणूस निघाला. इंजिन कुठल्या बाजूने फिरतं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पट्ट्याला मध्ये एक फुली दिली की जातं पाहिजे तसं फिरतं, म्हणाला. अदलाबदल करायला तो एका पायावर तयार होता, पण नवरात्र-दिवाळीचं दळण तोंडावर. गिरणी एक दिवस बंद ठेवता येत नव्हती. दिवाळी झाली की या, घेऊन जा. त्याने पुढे शब्द पाळला. ते इंजिन जीपला असं बसलं जणू तिच्याचसाठी जहाज तोडलं होतं, आणि नंतर आमच्याकडे कितीतरी वर्षं चाललं. पण ते पुढचं. त्या दिवशी मला घरी जाऊन मायला दिवाळी सांगायची होती.

मी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. उजवं, डावं, जुळे भाऊ, गिरणी. ती वाती वळत होती. मी थांबल्यावर तिने विचारलं, “पुढं जाती का न्हाई?”

“जाते माय, पण एकाच गिअरमध्ये.”

“मंग एकच लागतो की. मला काय चार येळा जायाचंय?”

मी म्हणालो, लोक हसतील. ती म्हणाली, ते तर तू जन्मल्यापासून हसून राह्यलेत, आता काय नवं हाय. आणि वाती वळत राहिली.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी, शेजारी माय, मागे बायको, वडील आणि मिस्त्री. त्याला मीच घेतलं होतं, हसणं वाटून घ्यायला. रिव्हर्स गिअरचा तो रडका आवाज सगळ्या शिवारात घुमत होता. वेग एवढा की एक सायकलवाला ओळखीचा भेटला, तो बराच वेळ बाजूने गप्पा मारत आला. मोसंबीचा भाव विचारला, पोरीच्या सोयरिकीचं सांगितलं आणि मग मला उशीर होतोय म्हणून पुढे निघून गेला. एका वळणावर बैलगाडीवाल्याने अदबीने विचारलं, दोर देऊ का. माय काच खाली करून म्हणाली, ही आपल्या चाकानं चाललीय, दोर तुझ्याजवळच ठेव. हो, काच खाली झाली. मिस्त्रीने बटनं चालू केली होती. त्या सबंध गाडीत तेवढंच बरोबर बसलेलं काम होतं, आणि मायनं सगळ्या वाटेत ती काच पंचवीस वेळा तरी वर-खाली केली.

दीड तास लागला. पिंपळगावात देवळाच्या गल्लीत नवरात्राची गर्दी. लोकांनी वाट दिली, कारण हॉर्नची गरजच नव्हती, आमचा आवाज आधी पोचला होता. मी गाडी अगदी हळू पुढे घेतली आणि पुढचं चाक पायरीला टेकवलं. टक्कन आवाज आला. मायनं डोळे मिटले. मग ती उतरली, चाकाला हळद-कुंकू लावलं, आणि आत जाऊन ओटी भरून आली.

आता परत निघायचं. गल्ली अरुंद, एवढी मोठी गाडी वळवायला जागा नाही. दुसरा कुठलाही ड्रायव्हर तिथे घामाघूम झाला असता. मी पहिला गिअर टाकला. मग दुसरा. इतका वेळ रडणारी गाडी एकदम शांत, डौलदार झाली आणि देवळाकडे तोंड ठेवून सरळ मागं मागं निघाली. कारण मागं जाण्यात तिच्या तोडीचं वाहन साऱ्या जिल्ह्यात नव्हतं.

आमच्याकडे देवीचं दर्शन घेतलं की पाठ फिरवून निघत नाहीत. हात जोडून, तिच्याकडे तोंड ठेवून, उलट पावली उंबऱ्याबाहेर येतात. गल्लीतल्या लोकांनी आमची जीप तशी जाताना पाहिली आणि बायांनी हात जोडले. कुणी म्हणालं, केवढी श्रद्धा, गाडीनंसुद्धा पाठ दाखवली न्हाई. मी खुलासा करायला तोंड उघडलं. माय पुढे बघत, ओठ न हलवता म्हणाली, “गप चालव.”

मी गप चालवली. पुढच्या वर्षी नवरात्रात दोन जीपगाड्या त्या गल्लीतून उलट्या निघाल्या असं मिस्त्री सांगायचा. एक नालीत गेली म्हणे. मी ते पाहिलेलं नाही, आणि मिस्त्रीला तर कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. मी गाडी थांबवली. वडिलांनी उतरून स्वतः चहा आणला, हे आणखी एक पहिल्यांदाच घडलेलं. मायनं कप बशीत ओतला नाही, तसाच दोन हातांत धरला. सहा महिन्यांनी. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाली, साखर कमी हाय, आणि आणखी एक सांगितला. तो झाल्यावर तिसरा. तिसरा मात्र तिने बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायला.

रिकामी बशी माझ्या हातात देऊन ती सीटला टेकली. कातड्याच्या सीटवर हात फिरवला, बटन दाबून काच वर केली, परत खाली केली.

“आता होऊ दे सावकाश दुरुस्त,” ती म्हणाली. “मला काई घाई न्हाई.”